क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजी : पदवी वेगळी, परवाना वेगळा

सायकॉलॉजीत बी.ए. झालेली मुलं-मुली परदेशी शिक्षणाची चौकशी करतात, तेव्हा ब्रिटनमधली एक पदवी हमखास समोर येते : एम.एस्सी. क्लिनिकल अँड डेव्हलपमेंटल न्यूरोसायकॉलॉजी. बोर्नमाउथ विद्यापीठात याच नावाचा अभ्यासक्रम आहे. नावात 'क्लिनिकल' दिसलं की घरच्यांना वाटतं, वर्षभरात आपलं मूल पेशंट तपासायला लागेल. तसं होत नाही. फीस भरण्याआधी हे नीट समजून घ्यायला हवं.

विषय काय आहे?
मेंदू आणि वागणं यांचा संबंध. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर मिरगीसाठी शस्त्रक्रिया झाली. हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग काढल्यावर झटके कमी झाले, बोलणं आणि बुद्धी शाबूत राहिली. पण नव्या आठवणी टिकेनात. ब्रेंडा मिलनर यांनी त्याचा अभ्यास केला आणि स्मरणशक्तीबद्दलची समज बदलली. आज क्लिनिकल शाखेत लकवा, डोक्याला मार, डिमेन्शिया यांचा अभ्यास होतो, तर डेव्हलपमेंटल शाखेत ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया यांचा.

ब्रिटनमधल्या पायऱ्या
पूर्णवेळ एम.एस्सी. साधारण एका वर्षाची असते. संशोधन किंवा पुढच्या शिक्षणासाठी तिचा चांगला उपयोग होतो. पण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव तिथे कायद्याने राखीव आहे. त्यासाठी साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट आणि एचसीपीसीकडे नोंदणी लागते. एनएचएसच्या खर्चाच्या जागा मुख्यतः तिथल्या रहिवाशांसाठी असतात. क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट व्हायचं तर त्यानंतर आणखी वेगळी पात्रता मिळवावी लागते.

भारतात काय?
इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय करते. आजवरचा नेहमीचा मार्ग एम.ए.नंतर दोन वर्षांची मान्यताप्राप्त एम.फिल. हा होता, बंगळुरूची निमहान्स आणि रांचीची सीआयपी ही त्यातली नामांकित केंद्रं. २०२० च्या शिक्षण धोरणात एम.फिल. बंद करायचं ठरलं. म्हणून प्रवेशाच्या वर्षी आरसीआयची ताजी यादी पाहूनच अर्ज करावा.

आपल्या भाषेची माणसं का हवीत?
शाळेत आम्ही रोज बघतो : घरी उर्दू किंवा दखनी, बाहेर मराठी, पुस्तक इंग्रजी. असं मूल इंग्रजीत अडखळलं तर तो डिस्लेक्सिया आहे की भाषेचा सराव कमी आहे? मादरी जबानीत तपासल्याशिवाय सांगता येत नाही. चूक दोन्हीकडे होऊ शकते : ठीक असलेल्या मुलावर शिक्का बसतो, किंवा खरी अडचण असलेलं मूल 'आळशी' ठरतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पण आधी तपासणी बरोबर व्हायला हवी. उर्दू-मराठी जाणणारा तज्ज्ञ इथेच कामाला येतो.

प्रवेशाआधी विद्यापीठाला तीन प्रश्न लेखी विचारा :
१. या पदवीने पेशंट तपासण्याचा परवाना मिळतो का?
२. शिकताना रुग्णालयात काम मिळेल का, किती दिवस?
३. या पदवीनंतर आधीच्या विद्यार्थ्यांनी पुढे काय केलं?

भारतात ती चालेल का, हे मात्र आरसीआयलाच विचारा. एजंटच्या तोंडी उत्तरावर कर्ज काढू नका.