मुलीची पहिली काचोळी

आजचा विषय पुरुषाच्या, त्यांतून पांढऱ्या केसांच्या मास्तराच्या तोंडीं कित्येकांना विपरीत वाटेल. परंतु दहा-अकरा वर्षांची चलाख मुलगी कवाईतीच्या तासाला एकाएकीं मागच्या रांगेंत सरकूं लागते, पाठीला पोक काढून चालते, पुस्तकें छातीशीं कवटाळून वर्गांत शिरते, हें ज्यानें वर्षानुवर्षें पाहिलें त्याला हा विषय थट्टेचा वाटत नाहीं. घरीं तिच्याशीं चार शब्द कोणी बोललेलें नसतें, एवढाच त्याचा अर्थ. या मौनाला कारण काय झालें, तें इतिहासांत शोधावयाचें आहे.

वस्त्र कांहीं नवें नव्हे. अमरकोशांत चोल आणि कूर्पासक हे शब्द शेजारीं शेजारीं दिलेले आहेत. आपली चोळी त्या चोलाचीच लेक. सिसिली बेटांतील एका रोमन वाड्याच्या फरशीवर, चौथ्या शतकांतील चित्रांत, छातीला पट्टा बांधून व्यायाम करणाऱ्या तरुणी दिसतात. ऑस्ट्रियांतील लेंगबर्ग किल्ल्याच्या दुरुस्तींत 2008 सालीं पंधराव्या शतकांतील तागाचीं वस्त्रें सांपडलीं. त्यांतील कांहीं आजच्या ब्रासारखीं, दोन वाट्यांचीं निघालीं.

मग "मुलीला पहिली कधीं आणि कशी घ्यावी" हा प्रश्न आपल्या आजी-पणजीला कां पडला नाहीं? पडण्यास अवसरच नव्हता. आठव्या-नवव्या वर्षीं मुलीचें लग्न उरकलें जाई आणि ती वयांत येण्याच्या सुमारास सासरीं नांदावयास जाई. अंगांत होणारे फरक आईच्या नजरेआड, सासूच्या नजरेखालीं होत. लेक तेथें कोणाला विचारणार? जें वस्त्र मिळे तें मुकाट्यानें अंगावर चढवावयाचें. वस्त्र मात्र शहाणें होतें, हें कबूल केलें पाहिजे. खणाच्या चोळीला पुढें गांठ असे; अंग भरलें कीं गांठ सैल मारतां येई. शिवतांना शिवणींत माया सोडीत. ती उसवली कीं तीच चोळी आणखी वर्षभर चाले. मापाची फीत नको, दुकान नको, आंकडा नको.

ही व्यवस्था हळूहळू ढासळली. 1884 सालीं पुण्यांत हुजुरपागेची मुलींची शाळा निघाली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यानें मर्यादा दहावरून बारावर नेली, आणि त्यापायीं पुण्यांत केवढें वादळ उठलें हें सर्वश्रुत आहे. 1929 सालीं संमत झालेल्या शारदा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरविलें. 1978 सालीं तें अठरा झालें. कायदा झाला म्हणजे रूढी त्याच दिवशीं मोडते असें नाहीं, तरी मुलगी माहेरींच वयांत येऊं लागली, शाळेंत जाऊं लागली, धांवूं-खेळूं लागली. सासूच्या हातांतील काम आईच्या हातांत आलें; पण तें कसें करावें हें आईला तिच्या आईनें सांगितलेलें नव्हतें. मौनाची परंपरा मात्र चालू राहिली.

युरोपची कथा निराळी आणि बरीचशी क्लेशकारक. तेथें पोलादाच्या व देवमाशाच्या जबड्यांतील पट्ट्यांनीं ताठ केलेली कॉर्सेट बायका नाड्यांनीं आंवळीत. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनांत एर्मिनी कादोल हिनें कॉर्सेटचे दोन तुकडे केलेलें वस्त्र मांडलें. 1914 सालीं अमेरिकेंत मेरी फेल्प्स जेकब या तरुणीनें दोन रेशमी रुमाल आणि फीत यांपासून सुचलेल्या ब्राचा हक्क नोंदविला, आणि पुढें तो दीड हजार डॉलरांस विकून टाकला! घेणाऱ्यानें काय कमावलें असेल त्याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा. A, B, C, D हीं वाट्यांचीं अक्षरें 1932 च्या सुमारास एका अमेरिकन कंपनीनें आणलीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील व्यापाऱ्यांनीं कोवळ्या मुलींसाठीं एक लहान ब्रा काढली आणि तिला "ट्रेनिंग ब्रा" असें नांव दिलें. जन्मभर शिकविण्याचाच धंदा केलेल्या मला या नांवाचें हसूं येतें. शरीर कांहीं पाढे म्हणत नाहीं. वाढीला वळण लावणें हें वस्त्राचें कामच नव्हे. धांवतांना हिसके बसूं नयेत, गणवेशाचें कापड घांसूं नये आणि मुलीचें मन मोकळें राहावें, इतकेंच त्याचें काम.

आतां निवडीविषयीं. स्तनांची वाढ साधारणतः आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान सुरू होते. बहुधा बोंडाखालीं दुखरी गांठ लागते, आणि ती पुष्कळदां एकाच बाजूला आधीं येते. ती रोगाची गांठ नव्हे, हें मुलीला आधींच सांगून ठेवावें. न सांगितल्यास ती बापडी मनांतल्या मनांत झुरते. प्रारंभीं साधी सुती शमीज किंवा बाजारांत जिला "बॉडी" म्हणतात ती पुरे. पुढें ब्रा घ्यावयाची तेव्हां फितीनें छातीच्या खालचा घेर घ्यावा, मग भरल्या भागाचा. खालच्या पट्ट्यांत दोन बोटें सहज शिरावीं. खांद्यावर वळ उमटले तर ती परत करावी. तार नको, स्पंज नको. आमच्या घामाच्या हवेंत सूतच बरें. "वाढेल, चालेल" म्हणून दोन मापें मोठी घेणारे वडील मीं पाहिले आहेत. मायेचा तो जुना हिशेब येथें लागू पडत नाहीं.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरोघरीं हें वस्त्र दोरीवर लुगड्याच्या किंवा टॉवेलाच्या आड वाळत घालतात. तें तेथें दमट राहतें, अंगाला खाज सुटते, आणि मुलगीहि तेवढ्यांतून शिकते कीं हें लपविण्यासारखें आहे. उन्हांत उघडें वाळूं द्यावें. दुकानांत मुलीला बरोबर न्यावें, रंग तिला निवडूं द्यावा, आणि पहिल्या खेपेस दोन-तीनांहून अधिक घेऊं नयेत. पांच-सहा महिन्यांत पुन्हां फीत काढावी लागते.