खानदेशातील ऊर्जा-संक्रमण आणि पृथ्वीविज्ञानाचे लोकशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
कोळशाकडून ऊन-वाऱ्याकडे होणाऱ्या वाटचालीची चर्चा बहुधा तंत्रज्ञान व भांडवल यांच्या अंगाने होते. प्रस्तुत निबंधात जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात, या बदलामागील पृथ्वीविज्ञान सामान्य माणसापर्यंत कितपत पोहोचले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

भूमी आणि कोळसा :
खानदेशची भूमी बेसाल्ट खडकाची व तापीच्या गाळाची. येथे कोळसा नाही. तरीही भुसावळजवळ दीपनगर येथे १९६८ मध्ये औष्णिक वीजनिर्मिती सुरू झाली. पाणी तापी खोऱ्याचे आणि कोळसा रेल्वेने आलेला, असा हा मेळ होता. चोपडा तालुक्यातील उनपदेवचे गरम पाण्याचे झरे मात्र भूगर्भातील उष्णतेची साक्ष देतात. भूवैज्ञानिक त्यांचा विचार सोन-नर्मदा-तापी या भूऔष्णिक पट्ट्याच्या संदर्भात करतात. भाविकांच्या दृष्टीने ते तीर्थ आहे.

मापनाची परंपरा :
ऊन व वारा यांचे शास्त्रशुद्ध मापन भारतात रुजविण्याचे मोठे श्रेय वातावरणशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांना जाते. १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झालेल्या मणी यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षानिमित्त सौरप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. सौरप्रारणावरील त्यांचा माहितीग्रंथ १९८० मध्ये, तर डी. ए. मूळे यांच्यासमवेत सिद्ध केलेला पवनऊर्जेवरील ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे ग्रंथ इंग्रजीत होते व त्यांचा उपयोग प्रामुख्याने अभियंते आणि नियोजनकारांना झाला.

धुळे जिल्ह्याचा अनुभव :
पुढे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरातील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. परंतु शिंदखेडा तालुक्यातील विखरणचा इतिहास वेगळा आहे. तेथे औष्णिक प्रकल्पासाठी संपादित झालेली जमीन पुढे सौर प्रकल्पाकडे वळविण्यात आली. तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध दाद मागणारे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात आत्मघाताचा मार्ग पत्करला. २८ जानेवारीस त्यांचे निधन झाले. इंधन बदलले, तरी शेतकऱ्याचे गाऱ्हाणे कायम राहिले.

निष्कर्ष :
१. खानदेशात ऊर्जा-संक्रमण हा जमिनीच्या मालकीचा व मोबदल्याचाही प्रश्न आहे.
२. शेतकरी जमिनीचे मोल माती व पाणी यांवरून जाणतो. प्रकल्पाचे गणित त्याच जमिनीवरील ऊन आणि वारा यांवर मांडले जाते. ही आकडेवारी ज्याच्या हाती, त्याचीच बोलणी करताना बाजू भक्कम राहते.
३. म्हणून महाविद्यालयांच्या भूगोल व भूशास्त्र विभागांनी ही माहिती मराठीत, शक्य तेथे अहिराणीत, ग्रामसभेपुढे मांडली पाहिजे. केवळ अशा शिक्षणाने अन्याय टळेल असे नाही. मात्र भूसंपादनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, हे शेतकऱ्यास त्यातून निश्चित कळेल.