रंगीत तालीम

१२ जुलै २०२२. बँकॉकमध्ये मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला ४-० असे हरवले, आणि इकडे नाशिकला आमच्या ओळखीतल्या युनायटेडभक्तांनी भर पावसात पेढे वाटण्याचेच काय ते बाकी ठेवले. सामना सरावाचा होता. त्याचे गुण कोणत्याही तक्त्यात धरले जाणार नव्हते, हे त्या मंडळींना आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. ऑगस्ट उजाडला आणि खऱ्या हंगामात ब्रायटनने त्यांना २-१ असे व त्यापाठोपाठ ब्रेंटफर्डने ४-० असे लोळवले. तोच आकडा, फक्त दिशा उलटी.

त्याच उन्हाळ्यात, ३० जुलैला, लिव्हरपूलने मँचेस्टर सिटीचा कम्युनिटी शील्डच्या सामन्यात ३-१ असा पराभव केला. नव्याने आलेल्या हालांडने मोकळ्या गोलपुढून चेंडू आडव्या दांड्यावर मारला. हा गडी इंग्लंडात चालणार नाही, असा निकाल आमच्या गावच्या नाक्यावरसुद्धा लागला. पुढे त्याने त्या एका हंगामात लीगमधील ३६ गोलांचा विक्रम केला आणि सिटीने तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

आपल्या भाषेत अशा प्रयोगाला फार नेमका शब्द आहे: रंगीत तालीम. पोशाख खरा, दिवे खरे, संवाद खरे. तिकीट मात्र नाही. रंगीत तालमीत नट अडखळला म्हणून कुणी नाटकाचे परीक्षण लिहीत नाही. मग फुटबॉलचा चाहता ते का लिहितो? त्याला उतावळा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला मात्र वाटते, की तालीम कोणती आणि प्रयोग कोणता ही वाटणीच आपल्याकडे अगदी अलीकडची आहे, आणि चाहत्याने ती मनापासून कधी मान्य केलेली नाही.

मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. पहिल्या काळात तीत गोऱ्या पलटणींचेच राज्य होते. १९२३ साली मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत पोहोचले आणि डरहम लाइट इन्फन्ट्रीकडून ४-१ असे हरले. पहिला भारतीय विजेता होण्याचा मान १९३७ साली बंगळूर मुस्लिम्सना मिळाला. १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी चषक नेला. कूपरेजच्या बाकांवर बसणाऱ्या माणसाला हे संघ वर्षातून काही दिवसच दिसत. बाद पद्धतीची स्पर्धा. हरला तो गाडीत बसला. तिथे ‘अजून संघाची घडी बसायची आहे’ हे वाक्य उच्चारायला सवडच नव्हती.

कोल्हापुरात तर तालीम हा शब्दच वेगळ्या अर्थाने नांदतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम: कुस्तीच्या हौद्याभोवती उभी राहिलेली ही मंडळे फुटबॉलमध्ये उतरली, आणि पेठेची इभ्रत त्यांच्याबरोबर मैदानात आली. शाहू स्टेडियमवर दोन पेठा समोरासमोर आल्या, की तो मोसमातला पहिला सामना आहे की शेवटचा, हा प्रश्न गैरलागू होतो. कुस्तीशौकिनांकडे लुटुपुटीच्या लढतीसाठी ‘नुरा’ हा शब्द आहे, आणि तो शिवीसारखा वापरला जातो. ज्या प्रेक्षकाचे संस्कार असे, त्याला ‘हा निकाल मनावर घेऊ नका’ हे समजावणार कसे?

रोव्हर्स २०००-०१ नंतर भरली नाही. ड्युरंड कप टिकला, पण निराळ्या रूपात. ब्रिटिश हिंदुस्थानचे परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरंड यांनी १८८८ साली सिमल्याला सुरू केलेली ही आशियातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. एके काळी ती जिंकणे हे संघाच्या वर्षाचे सार्थक असे. २०१४ साली इंडियन सुपर लीग आली आणि काही वर्षांत ड्युरंडला ऑगस्ट-सप्टेंबरची जागा मिळाली, म्हणजे लीगच्या अंगणातली. २०२२ साली लीगचे अकराही संघ तीत उतरले, ते मुख्यतः हातपाय मोकळे करायला. सव्वाशे वर्षांच्या मानकऱ्याला पंगतीआधी पाने मांडायला लावावे, तसा हा प्रकार झाला.

नाशिकला स्वतःचा असा मोठा संघ नाही. इथला चाहता मुंबई सिटीला आपले म्हणतो, तेही कसारा घाटाच्या अलीकडून. अंधेरीतला रात्रीचा सामना संपेपर्यंत परतीची पंचवटी कधीच निघून गेलेली असते. त्यामुळे बहुतेकांचे संघप्रेम पडद्यावरचे. आणि पडद्यावर ड्युरंड व लीग यांत फरक तो काय दिसणार? तीच निळी जर्सी, तेच खेळाडू, तोच चढा समालोचक.

१८ सप्टेंबर २०२२ रोजी ड्युरंडच्या अंतिम सामन्यात बंगळूरने मुंबईला २-१ असे हरवले. (त्या दिवशीच्या आठवणीत खेळापेक्षा बक्षीस समारंभच अधिक उरला: छायाचित्रासाठी एका राज्यपालांनी सुनील छेत्रीला हाताने बाजूला सारले होते.) नाशिकच्या मंडळींनी बचावफळीचे जाहीर श्राद्ध घातले. त्यानंतर सुरू झालेल्या लीगमध्ये हाच संघ १८ सामने अपराजित राहिला आणि ४६ गुणांसह लीग शील्ड घेऊन गेला. टीकाकार गप्प झाले. पण मार्चमध्ये उपांत्य फेरी आली, समोर पुन्हा बंगळूर, आणि पेनल्टींवर मुंबई ९-८ अशी बाहेर! सप्टेंबरातले सूतक अगदीच अनाठायी नव्हते, असे तेव्हा काहींनी म्हटले, आणि त्यांना उत्तर देणे आम्हांला जमले नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ड्युरंडच्या उपउपांत्य सामन्यात मोहन बागानने मुंबईला ३-१ असे हरवले. ४ मे २०२४ रोजी लीगच्या अंतिम सामन्यात, त्याच कोलकात्यात, मुंबईने मोहन बागानला ३-१ असेच हरवून हिशेब चुकता केला. पुढच्या ऑगस्टात तर कमाल झाली. या विजेत्या क्लबने ड्युरंडला राखीव पोरे पाठवली आणि केरळा ब्लास्टर्सने त्यांच्यावर आठ गोल चढवले. ८-०! सरावाचा सामना, दुय्यम संघ, सगळे मान्य. तरी आमच्यातला एक ज्येष्ठ स्नेही दोन दिवस फुटबॉलविषयी बोलला नाही. नोव्हेंबरात मुंबईने केरळाला ४-२ असे हरवले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘चार बाकी आहेत.’

हे गणित चुकीचे आहे, हे आम्हांला कळते. पण व्यवस्थापकाचा हिशेब आणि चाहत्याचा हिशेब यांच्या वह्याच वेगळ्या. व्यवस्थापक जुलैत दमसास पाहतो, नव्या पोरांना जोखतो, मुद्दाम धोके पत्करतो. त्याला पराभव उपयोगी पडतो. चाहत्याला त्याचा काहीच उपयोग नसतो. त्याने मे महिन्यापासून वाट पाहिलेली असते, आणि जे पहिले दिसते त्यावर तो तुटून पडतो.

जुलै २०२५ मध्ये मात्र विचित्र घडले. लीगच्या हक्कांचा करार संपत आला होता, नव्याचा पत्ता नव्हता, आणि आयोजकांनी लीगच तहकूब केली. काही क्लबांनी आपले काम थांबवले. ड्युरंड मात्र ठरल्याप्रमाणे भरली. लीगमधले जेमतेम सहा संघ आले. मुंबई आलीच नाही. २३ ऑगस्टला नॉर्थईस्ट युनायटेडने डायमंड हार्बरला ६-१ असे हरवून सलग दुसऱ्यांदा चषक उचलला. रंगीत तालीम पार पडली आणि प्रयोगाची तारीख कुणापाशी नव्हती. सप्टेंबर आला, हंगाम आला नाही.

तो अंतिम सामना आम्ही पाचसहाजणांनी मिळून पाहिला. आपला संघ नसल्यामुळे कुणी कुणाची बाजू घ्यावी, यावरच पूर्वार्ध गेला. बाहेर पाऊस होता. सामना संपल्यावर बचावफळीबद्दल कुणी तक्रार केली नाही. तक्रार करण्याजोगी बचावफळी तरी असायला हवी होती, असे आमचा तो ज्येष्ठ स्नेही छत्री शोधता शोधता पुटपुटला.