चार रमाबाई

ग्रीक पुराणकथांत इलेक्ट्रा नावाच्या तिघी भेटतात. एक सागरकन्या, इंद्रधनुष्याची देवता आयरिस हिची माता. दुसरी ॲटलासची कन्या, ट्रॉयच्या राजवंशाची आदिमाता. तिसरी ॲगामेम्नॉनची कन्या, पित्याच्या वधाचा सूड घेण्यास भावाला उद्युक्त करणारी. कोणाची कन्या, कोणाची माता, एवढीच त्यांची ओळख. आमच्या परंडा भागात एका घरात दोन रमा असल्या, तर थोरली-धाकटी म्हणून भागते. इतिहासात तेवढ्याने भागत नाही.

थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई १७७२ साली थेऊर येथे पतीसमवेत सती गेल्या. दुसऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२), माहेरच्या डोंगरे. 'पंडिता' ही पदवी त्यांना १८७८ साली कलकत्त्यात विद्वत्तेमुळे लाभली. १८८२ साली त्या विधवा झाल्या, १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. तिसऱ्या रमाबाई रानडे. माहेरी त्या यमुना. १८७३ साली विवाह झाला आणि पुढे पतीच्या प्रोत्साहनाने त्या शिकल्या. पुण्याचे सेवासदन १९०९ पासून त्यांनी वाढविले. चौथ्या रमाबाई आंबेडकर. पती परदेशी शिकत असता त्यांनी दारिद्र्यात संसार सांभाळला, अपत्यवियोग सोसला. १९३५ साली त्या निवर्तल्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रमाबाई समकालीन होत्या. १८८२ साली पुण्यात स्थापन झालेल्या आर्य महिला समाजात दोघी एकत्र आल्या. त्यामुळेच एकीचे सदन दुसरीच्या नावावर सहज चढते. नावाचा असा घोटाळा क्षुल्लक वाटतो खरा. पण त्यात एका स्त्रीच्या आयुष्यभराचे श्रम पुसले जातात. तिघींना आपण पतीच्या आडनावाने वा पदाने ओळखतो. स्वतः मिळविलेल्या पदवीने ओळखली जाते ती एकच.

वाचकहो, परंड्याहून कुर्डुवाडी गाठून आगगाडीने पुण्याकडे निघालो की आधी केडगाव लागते. दुष्काळातील अनाथ मुलींना पंडिता रमाबाईंनी जेथे आसरा दिला, ते मुक्तिसदन तेथेच. पुढे थेऊरचा परिसर येतो. एका रमाबाईंनी पतीच्या निधनानंतर चितेत देह ठेवला. दुसऱ्या रमाबाईंनी वैधव्यानंतर शेकडो जणींना जगविले. थेऊरची चिता आणि शारदासदन यांत ११७ वर्षांचे अंतर आहे. ते अंतर मुलांना सांगायचे असेल, तर 'रमाबाई' म्हणून थांबू नये. कोणत्या रमाबाई, हेही सांगावे.