मेंढीकोट
मेंढीकोट : नागपुरासह महाराष्ट्रात रूढ असलेला, समोरासमोर बसलेल्या भिडूंच्या दोन जोड्यांनी खेळावयाचा पत्त्यांचा खेळ. प्रत्येकास 13 पाने वाटल्यावर उतारीच्याच, म्हणजे फेरीत प्रथम टाकलेल्या पानाच्याच, रंगाचे पान टाकणे बंधनकारक असते. तो रंग हाती नसल्याने जो प्रथम अन्य पान टाकतो, त्याच्या पानाचा रंग, एका प्रचलित पद्धतीनुसार, हुकूम, म्हणजे इतर रंगांवर मात करणारा रंग, ठरतो. हात, म्हणजे त्या फेरीतील पाने, उतारीच्या रंगातील सर्वांत मोठे पान, अथवा हुकूम पडल्यास सर्वांत मोठा हुकूम टाकणाऱ्याचा होतो; एक्का सर्वश्रेष्ठ. दश्शीस मेंढी म्हणतात, आणि भिडूचा हुकमी हात ओळखून त्यावर आपली मेंढी सुरक्षित सोडणे, हेच येथील मुख्य कौशल्य होय. चारपैकी किमान तीन मेंढ्या जिंकणारा पक्ष विजयी होतो. दोन-दोन झाल्यास किमान 7 हात करणारा जिंकतो, आणि चारही हस्तगत झाल्यास तो विजय मेंढीकोट म्हणून गणला जातो.