पाच हॅट आणि एक जिझेल

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर बॅले बघितला. 'द बोल्शॉय बॅले', १९५७ सालची फिल्म. त्यातली मुख्य गोष्ट जिझेलची. जिझेल म्हणजे खेड्यातली कोवळी पोर. कॅमेरा तिच्या जवळ गेला आणि मी चक्क दचकलो. चेहऱ्यावर वय स्पष्ट दिसत होतं! नाचणारी होती गालिना उलानोवा, तेव्हा ४६ वर्षांची.

पण थोडं थांबा. प्रियकराने आपल्याला फसवलंय हे कळल्यावर जिझेलचं भान सुटतं. फुलाच्या पाकळ्या तोडायचा जुना खेळ ती पुन्हा खेळायला लागते, हातात फूल नसतानाच. ज्या क्लोजअपने वय उघडं पाडलं, तोच आता तिचे डोळे दाखवतो. पाच मिनिटांत मी वय विसरलो. थिएटरात शेवटच्या रांगेत बसलो असतो, तर यातलं काहीच दिसलं नसतं.

आता गंमत बघा. ही फिल्म कदाचित झालीच नसती, आणि कारण होतं पाच हॅट!

ऑगस्ट १९५६. सोव्हिएत थाळीफेकपटू नीना पोनोमारेवा लंडनमध्ये होती. १९५२ च्या ऑलिंपिकची सुवर्णविजेती. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका दुकानातून पाच हॅट चोरल्याचा आरोप तिच्यावर आला. मॉस्को खवळलं. बोल्शॉयची मंडळी पहिल्यांदाच लंडनला येणार होती, तिकिटांसाठी लोक रस्त्यावर रात्री काढत होते, आणि दौरा रद्द होतो की काय अशी वेळ आली. शेवटी मंडळी आली. ३ ऑक्टोबरला कॉव्हेंट गार्डनमध्ये पडदा उघडला आणि उलानोवा 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये ज्युलिएट म्हणून उभी राहिली. त्याच दौऱ्यात दिग्दर्शक पॉल त्सिनरने एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून ही फिल्म केली.

बरं झालं केली. कारण महिन्याभरात, ४ नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. लंडनची बॅले मंडळी परतभेट म्हणून मॉस्कोला जाणार होती, तो दौरा रद्द झाला. दार किलकिलं झालं होतं, ते पुन्हा लागलं. रीळ तेवढं अलीकडे राहिलं.

हे जुनंपुराणं वाटतंय? २०१० नंतर बोल्शॉयचे प्रयोग थेट मॉस्कोहून जगभरच्या सिनेमागृहांत दिसायला लागले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि पश्चिमेतली ती प्रक्षेपणं थांबली. पुन्हा दार बंद.

हल्ला करणाऱ्या देशाच्या प्रतिष्ठेचा मंच आपण का मिरवायचा, हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. सोव्हिएत सरकारनेही उलानोवाला परदेशी पाठवलं ते काही निव्वळ कलेच्या प्रेमापोटी नव्हे. पण नाचाचं एक दुखणं आहे. कादंबरी कपाटात थांबू शकते, राजकारण निवळेपर्यंत. नाचणारं शरीर थांबत नाही. १९५६ चा दौरा दहा वर्षं पुढे ढकलला असता, तर उलानोवा ५६ वर्षांची असती.

आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात शिकवतात: बॅकअप घे. त्या ऑक्टोबरमध्ये कुणीतरी तो घेतला, म्हणून माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ती जिझेल मला दिसली.

भेटूया पुढच्या भागात!