कापसाच्या मुलुखांतील गोधडी

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासांत कापसाच्या गांठींचा हिशेब पुष्कळ सांपडतो. गोधडीचा उल्लेख मात्र क्वचित्. हिंगणघाटचा कापूस पूर्वींपासूनच नांवाजलेला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली आणि तो मुंबईच्या वाटेनें विलायतेस वेगानें जाऊं लागला. घरीं उरे तें विटलेलें लुगडें, झिजलेलें धोतर. त्यांचे थर अंथरून बायका कडेकडून मध्याकडे धांवदोरा घालीत. टांक्यांच्या रांगांनीं विरलेलें कापड एकजीव होई. १९३४ सालीं वर्ध्यास ग्रामोद्योग संघ आला, १९३८ सालीं मगनसंग्रहालय उघडलें. तेथें चरख्यास मानाचें स्थान मिळालें, हें योग्यच. पण सूत वांया न घालविणारी सुई त्याहून उणी कां? जाडीभरडी खादीही विरली, कीं शेवटीं गोधडीच्याच पोटांत जाई.